गनीशेठची मूठ

दाढी वाढवायला काही करावं लागत नाही, नुसती करायची सोडली की झालं, असं समजणारी माणसं माझ्या खुर्चीत नेहमी येऊन बसतात. मी त्यांना अडवत नाही. तीन-चार आठवड्यांनी तीच माणसं गाल खाजवत परत येतात. "काका, सहन होत नाही, काढून टाका." मी काढून टाकतो. माझं काय जातं? खाज सुटते तेव्हाच खरं तर दाढी धरायला लागलेली असते. आणखी थोडं थांबलं की केस मऊ पडतात, खाज जाते. पण थांबायला सांगणाऱ्या न्हाव्यावर कोणाचा विश्वास नसतो.

माझं दुकान भिवंडीत, लूमच्या वस्तीत. घर खारबावच्या बाजूला. जातीनं न्हावी, पण गिऱ्हाईक बहुतेक मुसलमान. त्यामुळे भाऊबंदांचं आयुष्य दाढ्या करण्यात गेलं आणि माझं त्या राखण्यात. दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "आवं, दाढीवर काय लिवणार तुमी? हाय काय त्यात?" तिला म्हटलं, तू भाजी टाक, मी बघतो.

तर थोडं धंद्याचं सांगतो. आमच्याकडे दाढीच्या कडेला खत म्हणतात. गालावर एक कड आणि गळ्यावर एक. खत काढलं की केस तेवढेच असतात, पण ती दाढी होते. नाहीतर नुसती वाढलेली असते. गळ्याची कड कंठमण्याच्या दोन बोटं वर ठेवायची. घरी आरशात बघून करणारे ती थेट जबड्यावर चढवतात, मग तोंड खाली केलं की हनुवटीखाली उघडं माळरान. गालाची कड तर मुळी कोरायचीच नाही, जिथं केस आपण होऊन थांबतात तिथं वस्तरा थांबवायचा. डावीकडे थोडं जास्त गेलं म्हणून उजवीकडे, उजवीकडे गेलं म्हणून परत डावीकडे, असं मांजरांच्या लोण्यासारखं वाटत बसलं की शेवटी दोन्ही गाल साफ होतात. तेल एक थेंब, तेही केसांना नाही, मुळाशी कातडीला. साबण कमी, पाणी जास्त. लूमवर काम करणाऱ्याची दाढी आधी कोरडी विंचरायची. सुताची तूस अडकलेली असते, त्यावर पाणी मारलं तर तिचा लगदा होतो आणि मग कातरच लावावी लागते. एवढं जरी कोणी पाळलं तरी माझं निम्मं काम वाचेल.

पण हल्ली पाळतं कोण? पूर्ण्याच्या गोदामात काम करणारा एक पोरगा मोबाईल घेऊन आला. फोटोतल्या माणसाच्या गालावर जंगल, ह्याच्या गालावर चार काड्या. "काका, सेम पाहिजे." त्याला म्हटलं, बाबा, हनुवटीखालची वाढव, गालाची कड खाली ठेव, आणि दोन महिने मला तोंड दाखवू नकोस. "दोन महिने? परवा एंगेजमेंट आहे माझी!" गेला समोरच्या पार्लरात. तिथं त्यांनी काळ्या रंगानं गाल भरून दिले. दुसऱ्या दिवशी शिफ्टला पत्र्याच्या शेडमध्ये घाम फुटला आणि सगळी दाढी ओघळून शर्टावर आली. मला त्याचं हसू यायला हवं होतं, पण पोरगा एवढा रडवेला होऊन आला की मी गपचूप त्याचं तोंड धुऊन दिलं.

असं चाललंय. लूम भंगारात जाताहेत, कारागीर गावी परत जाताहेत, आणि खुर्चीत बसणाऱ्या पोरांना सगळं आजच्या आज पाहिजे. जे खरोखर वाट बघणारं गिऱ्हाईक होतं, ते गेल्या थंडीत गेलं. त्याचंच सांगायला बसलोय, बाकीचं तोंडी लावायला.

गनीशेठ कोकणी मुसलमान, भिवंडीतलं जुनं घराणं. एके काळी गल्लीच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या लूम खडखडायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जायचो, जुम्म्याच्या आदल्या दिवशी. माप मुठीचं, त्यांच्या धर्मातल्या रिवाजाप्रमाणे. शेठ हनुवटीखाली स्वतःच्या मुठीत दाढी धरायचे आणि मुठीच्या खाली जेवढी उरेल तेवढी मी कापायची. मूठ माणसाची स्वतःचीच पाहिजे, न्हाव्याची चालत नाही. शेठची मूठ म्हणजे काय सांगावं, जाडजूड बोटं, त्यांत चांदीची अंगठी. इतक्या वर्षांत मी त्या मुठीवरून त्यांचा मूड ओळखायला शिकलो. मूठ आवळलेली असली की समजायचं, सुताचा भाव चढलाय, आज बोलायचं नाही. सैल असली की चहा येणार.

त्यांचा एकुलता मुलगा आजारात गेला, त्याच्यामागे सूनही फार टिकली नाही. घरात राहिले शेठ, नात नसरीन आणि लूमचा उरलासुरला धंदा बघणारा पुतण्या सलीम. नसरीनला मी फ्रॉकमध्ये पाहिलेली. आजोबांना ती दादा म्हणायची आणि मला काका. तिचं लग्न ठरलं, मुलगा मस्कतला नोकरीला. निकाहात मुलीच्या बाजूनं बाप बसतो. बाप नसला तर तो मान आणि ती जबाबदारी आजोबांची. शेठ सहा महिने आधीपासून शेरवानीचं कापड बघत होते. मुलाचं लग्न बघायला मिळालं, पण मुलगा राहिला नाही. आता हिच्या निकाहाला मी बसणार, एवढंच त्यांचं पालुपद.

आणि त्यातच छातीनं दगा दिला. आयुष्यभर लूमची तूस आत गेलेली, दुसरं काय होणार! ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. तोंडातून नळी घातली, मशीनवर ठेवलं. जगतात की जातात असे दिवस गेले, आणि मग माणूस परत आला. डॉक्टरांचे उपकारच. पण नळी बांधायची पट्टी दाढीवर टिकत नव्हती, सरकत होती. म्हणून तिथं त्यांची दाढी काढली.

मला बोलावणं आलं तेव्हा शेठ पलंगावर उशीला टेकून बसलेले. नाकापर्यंत टॉवेल.

"बाळाराम, दरवाजा लाव."

मी लावला. त्यांनी टॉवेल खाली केला. मी इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर हात फिरवला, पण शेठची हनुवटी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. छोटीशी, टोकदार, मध्ये खळी. हुबेहूब नसरीनची हनुवटी.

"बघतोस काय? सांग, कधी येईल?"

"येईल शेठ. महिन्या-दोन महिन्यांत दाढी दिसायला लागेल."

"दिसायची नको. मुठीची कधी होईल?"

खोटं सांगून उपयोग नव्हता. दोन महिन्यांत बोटाच्या पेराएवढा केस वाढतो, आजारपणात तेवढाही नाही. "वर्ष धरून चला, शेठ."

"मग निकाह वर्षानं." त्यांनी टॉवेल परत वर घेतला. "कोणी सांगितलं काढायला? सलीम म्हणतो, त्यानं सांगितलं. त्याच्याशी बोलणं बंद केलंय मी. मरू द्यायचं होतं ना, दाढीसकट गेलो असतो!"

मी बाहेर आलो तर नसरीन पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी. तिनं सगळं ऐकलेलं. मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, सलीमचाचांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

"तू?"

"चाचा खाली औषधं आणायला गेलेले. डॉक्टर म्हणाले, नळी निसटली तर अवघड आहे, दाढी लगेच काढावी लागेल. मी हो म्हटलं. चाचांनी दादांना माझं नाव सांगितलंच नाही, स्वतःवर घेतलं. मी उभी होते तिथं, काका. केस खाली पडत होते आणि मी उभी होते."

मी म्हटलं, "पोरी, त्यामुळेच आजोबा घरी आले." ती म्हणाली, "हो, पण माझ्याकडे बघत नाहीत. कोणाकडेच बघत नाहीत."

तिथून पुढे दर गुरुवारी मी जात राहिलो. सुरुवातीला कामच नव्हतं. कोमट पाण्याची पट्टी, थेंबभर तेल, मऊ कंगवा. कातर पिशवीतून बाहेरसुद्धा काढायची नाही. पण नातेवाईक स्वस्थ बसू देतील तर ना! कोणी कांद्याचा रस पाठवला, कोणी एरंडेल, कोणी मालेगावहून कसलंसं काळं तेल. शेठ सगळं लावायचे. एका गुरुवारी बघतो तर गालावर लाल चट्टे आणि पुळ्या. माझं डोकंच फिरलं. सगळ्या बाटल्या उचलल्या आणि सिंकमध्ये ओतल्या. म्हटलं, "शेठ, तुमच्या लूमवर येऊन मी ताणा जोडला होता का कधी? मग माझ्या कामात कांदा कशाला?" ते टॉवेलमागून हसले. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्यांदाच.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दाढी काय भाताचा रोप हाय, खत टाकला न् वर आला? म्हाताऱ्या मानसाचा केस तो. पोरीचा लगीन कशाला आडवून ठेवलाय त्याने?"

तेच मलाही वाटत होतं. पण एक अवस्था अशी असते की दाढी दाढी दिसत नाही, हयगय दिसते. पांढरे, विरळ, उभे केस, मध्ये मध्ये कातडी. तरुण माणूस त्यातून कसाही निघतो, म्हातारा माणूस आजारी दिसतो. शेठ त्या अवस्थेत अडकलेले. आरसा बघायचे आणि उलटा ठेवायचे. मशिदीत जाणं बंद, गॅलरीत बसणं बंद. कोणी भेटायला आलं की टॉवेल. एवढी बोलकी बैठक त्या घरातली, तिथं कोणी चपला काढेनासं झालं. मला फार वाईट वाटायचं. माझ्या हाताला सगळं येत होतं, फक्त केस ओढून लांब करता येत नव्हता.

असे पाच-सहा महिने गेले, मग नवरामुलाकडून निरोप आला. त्याची रजा ठरली होती, ती पुढे ढकलता येणार नव्हती. सलीमनं मला खाली गाठलं.

"बाळारामभाई, तुमचं ऐकतात ते. समझाओ उन्हें. मुलाकडचे किती थांबतील?"

"तुम्ही सांगून बघितलं?"

"माझ्याशी बोलतात कुठे? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा खत काढलं. गालाची कड जेवढी खाली घेता येईल तेवढी घेतली, म्हणजे विरळ भाग बाहेर पडला. गळ्याखालचे केस मुद्दाम राखले होते, ते विंचरून पुढे आणले, म्हणजे हनुवटीला भर आली. छोटी, पण चांगली घोटीव दाढी झाली. मलाच बरं वाटलं. आरसा समोर धरला. शेठनी बराच वेळ बघितलं. मग उजवा हात वर केला आणि हनुवटीखाली मूठ मिटली. मुठीत सगळी दाढी गडप झाली, खाली काहीच नाही.

"नाही," ते म्हणाले.

"शेठ, निकाहाला दाढी लागते का?"

"निकाहाला नाही लागत रे. गनीला लागते." मग थांबून थांबून, धाप लागत बोलले. "मुलगा गेला, लूम भंगारवाल्यानं किलोवर नेल्या. माझ्याकडे दाखवायला काय उरलं होतं? त्या मांडवात चार लोक बघणार, म्हणणार, हा गनी? त्यापेक्षा सलीमला बसू दे. मी खोलीतून होकार देतो. चालतं तसं."

हे नसरीनच्या कानावर गेलं आणि तिनं जाहीर केलं, दादा बसणार नसतील तर मला लग्न नको. म्हटलं ना, हनुवटी एकच. घरात मेंदीचं सामान येऊन पडलं, पाहुणे यायला लागले, आणि कोणालाच कळेना की निकाह होणार की नाही. जो तो माझ्याकडे बघायचा, जसं काही दाढी माझ्या पिशवीत आहे.

निकाहाच्या सकाळी मी गेलो. शेठ पलंगावर, शेरवानी खुंटीला. मी कंगवा फिरवत होतो तेवढ्यात दार ढकलून नसरीन आत आली. हातांवर मेंदी, साधे कपडे, डोळे सुजलेले. सरळ शेठच्या समोर येऊन उभी राहिली.

"दादा, दाढी काढायला मी सांगितलं. चाचांनी नाही."

मी कंगवा घेऊन मागे सरकलो. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण वाट तिच्या मागून होती.

"मला तुम्ही हवे होता. मी परत हो म्हणेन," ती म्हणाली. आणि खाली बसली, हात पुढे केला आणि शेठच्या हनुवटीखाली स्वतःची मूठ मिटली. मेंदी लावलेली, एवढीशी मूठ. "काका, खाली काही दिसतंय?"

मी वाकून बघितलं. मुठीखाली पांढऱ्या केसांची टोकं आलेली.

"दिसतंय."

"मग कापा."

मी शेठकडे बघितलं. मूठ ज्याची त्याची असते, हा आमचा कायदा, तो मी आजवर कधी मोडला नव्हता. शेठचे डोळे मिटलेले, आणि त्यांतून पाणी वाहून तिच्या बोटांवर येत होतं.

"काप रे," ते म्हणाले. "बघतोस काय? पोरीचा हात दुखेल."

मी कापलं. केस कसले ते, कातरीला कळलेही नसतील. शेठनी डोळे उघडले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस तू." मग मला म्हणाले, "सलीमला बोलाव."

निकाहात शेठ बसले, टॉवेलशिवाय, उघड्या चेहऱ्यानं. मी मागे खुर्चीवर होतो. कोणी काही म्हटलं नाही, कोणाचं लक्षही नसावं. शेठ मात्र मान ताठ ठेवून बसलेले, आणि मधून मधून मला शोधून बघायचे.

इथंच हे संपतं तर किती बरं झालं असतं. नसरीन मस्कतला गेली आणि शेठनी परत अंथरूण धरलं. ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. ते मशिदीत गेलेच नाहीत, जायची ताकदच नव्हती. गुरुवार मात्र चुकवू दिला नाही. नसरीन फोनवर रोज विचारायची, आता किती झाली? ते बोटांनी माप दाखवायचे. तिची मूठ तिनं निकाहापुरती उसनी दिली होती. शेठना स्वतःची मूठ भरायची होती, आणि ती भरेपर्यंत दाढी काढायला लावल्याची टोचणी नसरीनच्या मनातून जाणार नव्हती, हे मला तिच्या आवाजावरून कळायचं.

शेवटच्या गुरुवारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी पाठीला हात देऊन त्यांना बसतं केलं. वजन नव्हतंच अंगात. त्यांनी हात वर नेला आणि हनुवटीखाली मूठ मिटली.

मुठीखाली केस होते.

"बघ," ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "झाली की नाही पुरी?"

मी बघत होतो त्यांच्या बोटांकडे. काड्या झालेल्या. अंगठी केव्हाच काढून ठेवलेली, ती राहतच नव्हती. दाढी मागच्या गुरुवारी होती तेवढीच होती, मी रोज दाढ्या हाताळणारा माणूस, मला का कळत नाही? दाढी मुठीपर्यंत आली नव्हती, मूठ दाढीपर्यंत आली होती.

"पुरी झाली, शेठ," मी म्हटलं. आणि मुठीखालचं कापलं. नीट, हलक्या हातानं, रेषेत. ते आरसा मागतील असं वाटलं, पण त्यांनी नाही मागितला. आडवे झाले आणि झोपले.

पुढचा गुरुवार आलाच नाही. आमच्या गावात मौत झाली की न्हाव्याला बोलावणं येतं. इथं, मुसलमानांत, माझं काही काम नव्हतं. मयताच्या केसाला आता कोणी कातर लावणार नव्हतं. मी सकाळपासून त्यांच्या जिन्याखाली उभा राहिलो, माती देऊन लोक परत आले तरी तिथंच. नसरीनला विमान मिळालं नव्हतं. सलीम खाली आला, त्यानं माझ्या हातात फोन दिला.

"नसरीन आहे. तुमच्याशीच बोलायचं म्हणते."

"काका," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "चाचा म्हणतात, दादांची दाढी पुरी झाली होती. पण त्यांना त्यातलं कळत नाही. तुम्ही सांगा."

"झाली होती बेटा. मुठीखालची मी स्वतः कापली."

"कोणाच्या मुठीनं?"

"त्यांच्याच."

मग ती म्हणाली, "बरं. आता रडते मी," आणि रडायला लागली. मी फोन कानाशी धरून जिन्याखाली उभा राहिलो.